अर्थाची तार

त्या गाडीला सुरू होण्याची घाई नव्हती, एवढेच तिच्याविषयी न्यायाने म्हणता आले असते. घरात जे म्हटले जात होते ते याहून पुष्कळ अधिक होते, आणि त्यात न्याय मुळीच नव्हता.

किल्ली फिरवली की बॉनेटखालून एक दीर्घ कण्हणे उठे. मग विराम, आणि पुन्हा कण्हणे. जणू एखादा वृद्ध अध्यापक श्लोकाचा पहिला चरण म्हणून दुसरा आठवीत उभा आहे. पाहणाऱ्यांचा धीर पुरता सुटला म्हणजे मग इंजिन चालू होई, आणि एकदा चालू झाले की तक्रारीला जागा ठेवीत नसे. परंतु माणसे गाडीची परीक्षा ती कशी चालते यावरून क्वचितच करतात. ती आपल्याला किती वेळ थांबायला लावते यावरूनच करतात.

गाडी बाईंची होती. बाईंनी उभे आयुष्य महाविद्यालयात संस्कृत आणि तर्कशास्त्र शिकविले होते, त्यामुळे साऱ्या वस्तीला त्या 'बाई'च होत्या. पोटचा मुलगा तेवढा 'आई' म्हणे, आणि काही मागायचे असले म्हणजे ते संबोधन विशेष मृदू करून म्हणे. यजमानांच्या पश्चात गाडी बाईच चालवीत. रोज सकाळी त्या ती घेऊन शहराबाहेरच्या टेकडीवर जात. तेथे त्यांच्या नणंदबाई एकट्या राहत. नणंदबाईंची दृष्टी गेली होती. जिव्हा शाबूत होती. बाईंनी वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि नणंदबाईंनी बातमीवर, वार्ताहरावर आणि वाचणारीच्या उच्चारांवर टीका करायची, हा नित्यक्रम होता. तरुणपणी या दोघींनी अबोला धरण्यात जी वर्षे दवडली, त्यांची भरपाई त्या आता भांडून करीत होत्या. टेकडीवर बस जात नसे, आणि भाड्याच्या गाड्यांचे चालक त्या चढाचे नाव काढताच मान फिरवीत. म्हणजे गाडी गेली की टेकडी गेली, आणि टेकडी गेली की त्या अंधाऱ्या घरातील सकाळ गेली. हे बाई जाणत होत्या, नणंदबाई जाणत होत्या, आणि मुलगाही जाणत होता. परंतु जाणण्याने काही करावे लागेल म्हणून तो जाणत नसल्यासारखा वागत होता.

मुलगा सल्लागार होता. दुसऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन ते कसे चालवावेत हे सांगणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या सल्ल्याने कोणता कारखाना चालू राहिला हे ठाऊक नाही. परंतु काही बंद पडले हे त्याचे हितचिंतकच सांगत. घरातही त्याचा स्वर सल्ल्याचाच असे.

"आई, आता पुरे झालं ना," एका सकाळी चहाच्या वेळी तो मृदूपणे म्हणाला. "शेजारी तुझ्या गाडीच्या आवाजावर उठतात."

"मग उपकारच आहेत माझे त्यांच्यावर."

"थट्टा नको. उद्या चढावर बंद पडली आणि सुरूच झाली नाही तर काय करशील? रविवारी माझ्या ओळखीचा एक माणूस येतोय. बघेल आणि घेऊन जाईल. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो तो."

"खाटीक म्हण ना सरळ."

"तू काहीही म्हण. माझं बोलणं झालंय त्याच्याशी."

सून चहा गाळता गाळता म्हणाली, "आईंशी बोलणं व्हायच्या आधी?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडते? मी उभीच आहे."

बाईंनी कप खाली ठेवला. "एक सांग. गाडी विकायची, हा तुझा निष्कर्ष. हेतू काय?"

"माझा कसला हेतू असणार?" मुलगा जरा जोरातच म्हणाला.

"अरे, हेतू म्हणजे कारण. तर्कशास्त्रात त्याला हेतू म्हणतात. एवढा का दचकलास?"

"कारण ती सुरू होत नाही."

"होते. उशिरा होते."

"बरं, उशिरा होते. म्हणून."

"आणि हा उशीर गेला तर?"

"गेला तर गेला. मग कशाला कोण विकतंय!"

लहान मुलाला चंद्र आणून देतो म्हणावे, त्या सहजतेने तो हे बोलला. आपल्यासमोर बसलेल्या व्यक्तीने पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच शब्दांत पकडून घाम फोडला आहे, याचे भान त्याला राहिले नाही.

वस्तीच्या कोपऱ्यावर एका मेकॅनिकचे दुकान होते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ आपल्या कानाला लावून तो डोळे मिटीत असे, म्हणून लोक त्याला 'डॉक्टर' म्हणत. डोळे मिटल्यावर त्याला काय ऐकू येई हे सांगणे कठीण. परंतु डोळे उघडल्यावर तो जे सांगे ते नेहमी काही तरी बदलण्याविषयीच असे. बाईंनी त्याला घरी बोलावले. त्याने गाडीला कण्हायला लावले, कानाला मूठ लावली, डोळे मिटले आणि उघडले.

"बॅटरी गेली, बाई."

"कशावरून?"

"सेल्फ जड फिरतोय ना." इंजिनाला पहिली फिरकी देणारी जी मोटर असते, तिला त्या धंद्यात सेल्फ म्हणतात.

"सेल्फ जड फिरतो तो बॅटरी गेल्यावरच?"

"तसं नाही. सेल्फ स्वतः खराब असला तरी जड फिरतो. वायरीत काही असलं तरी फिरतो."

"म्हणजे बॅटरी उत्तम असतानाही जड फिरू शकतो."

"फिरू शकतो की."

"मग तुझा हेतू व्यभिचारी आहे."

डॉक्टरच्या हातातला पाना फरशीवर आपटला. त्याने आधी रस्त्याकडे पाहिले, मग दारात उभ्या असलेल्या सुनेकडे. "बाई, काय बोलता हे! मी बायकोमुलांचा माणूस आहे. गल्लीत कोणी ऐकलं तर माझं दुकान बंद पडेल."

सून पदर तोंडाशी धरून आत पळाली. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "शास्त्रातला शब्द आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण धूर अग्नीचं घर सोडून राहत नाही. तो एकनिष्ठ हेतू. पण जो हेतू इकडेही असतो आणि तिकडेही असतो, बॅटरी गेली तरी हजर आणि नसली गेली तरी हजर, त्याला व्यभिचारी म्हणतात. त्याच्या भरवशावर संसार मांडू नये."

"म्हणजे मला नाही म्हणालात?"

"तुला नाही. तुझ्या कारणाला."

"मग हरकत नाही," डॉक्टर सुस्कारा टाकून म्हणाला, आणि त्याने बॅटरी बदलली.

गाडी पूर्वीप्रमाणेच कण्हली.

धूर पाहून अग्नी कसा ओळखावा, हे ज्या प्राचीनांनी इतक्या सावकाशीने शिकवून ठेवले, त्यांना वंदन करून एवढेच म्हणावेसे वाटते की त्यांचे कष्ट वाया गेले आहेत. धूर दिसला की हल्ली लोक चूल बदलतात. डॉक्टरने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि या वेळी सांगितले, "सेल्फ गेलाय."

"स्व जावा म्हणून लोक जन्मभर तपश्चर्या करतात," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे तो असाच जातो?"

"गॅरंटीने जातो," डॉक्टर म्हणाला, आणि त्याने सेल्फही बदलला.

गाडी कण्हली. जुनी बॅटरी आणि जुना सेल्फ गॅरेजच्या भिंतीशी शेजारी शेजारी बसले होते, निर्दोष असून हद्दपार झालेल्या दोन गृहस्थांसारखे. त्यांच्या पलीकडे, दरवाजाची अर्धी वाट अडवून, एक लांबट, जड खोके उभे होते. ते कालच आले होते, आणि मुलाने 'ऑफिसचं सामान' एवढेच त्याविषयी सांगितले होते. त्या खोक्याला वळसा घालून बाई पुढे आल्या आणि त्यांनी सुनेला भिंतीकडे तोंड करून उभे केले.

"मी दिवे लावते आणि मग किल्ली फिरवते. भिंतीवरचा उजेड मंद होतो का ते सांग."

गाडी कण्हली. सून म्हणाली, "नाही, आई. जसाच्या तसा आहे."

"बॅटरी दुबळी असती तर सेल्फ फिरताना दिव्यांनी मान टाकली असती. घरात अन्न भरपूर आहे, दिवे पोटभर जेवताहेत, मग हा सेल्फ एकटाच उपाशी का?"

"दिव्यांचं वेगळं, सेल्फचं वेगळं," डॉक्टर म्हणाला. "आता इंजिनच उतरवावं लागेल."

"तुझ्या हाती न्यायालय दिलं तर तू चोर सापडेपर्यंत सगळा गाव फासावर देशील."

मुलगा गॅलरीतून हे ऐकत होता. त्याच्या मुद्रेवर जे समाधान होते, ते आईच्या अडचणीने मुलाच्या मुद्रेवर सहसा दिसू नये. "इंजिन उतरवायची गरज नाही," तो वरून म्हणाला. "रविवार जवळ आलाय."

दुसऱ्या सकाळी बाईंना टेकडीवर पोचायला नेहमीपेक्षा उशीर झाला.

"आलीस?" नणंदबाई म्हणाल्या. "मला वाटलं, भंगारवाल्यानं तुम्हा दोघींना एकदमच उचललं."

"भंगारवाल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं, वन्सं?"

"भाचा फोन करतो ना मला. म्हणाला, आत्या, रविवारनंतर आईला रोज जमायचं नाही, मनाची तयारी ठेव. मी म्हटलं, माझ्या मनाची तयारी माझ्या भावाच्या लग्नापासून आहे." हे बोलता बोलता त्यांनी हात पुढे केला, बाईंच्या रोजच्या खुर्चीची पाठ चाचपडून शोधली आणि खुर्ची थोडी आपल्याकडे ओढली. "बस. निधनवार्ता आधी वाच. बघू, माझ्या पुढे कोणी घाई केली."

बाईंनी वाचले. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या निधनाने समाजाची भरून न येणारी हानी झाली होती.

"एवढी हानी झाली आणि मला कळलंही नाही," नणंदबाई म्हणाल्या. "आणि 'निष्ठा' म्हण. नि-ष्-ठा. जन्मभर पोरांना काय शिकवलंस देव जाणे. रविवारनंतर निदान माझे कान तरी सुटतील."

बाईंनी नुसते पान उलटले. उत्तर न मिळालेला टोमणा नणंदबाईंना सोसत नसे. त्या बराच वेळ खुर्चीच्या हातावर बोटे फिरवीत राहिल्या.

परतताना नेहमीचा दुसरा अंक झाला. बाई गाडीत बसल्या की नणंदबाई भिंतीच्या आधाराने वरच्या खिडकीपाशी येत, आणि गाडी जितका वेळ कण्हे तितका वेळ उरलेसुरले बोलून घेत. "अगं, ढकलायला येऊ का?" त्या आजही ओरडल्या. "डोळे गेलेत, दंड नाही गेले! तुझ्यापेक्षा सरळ ढकलीन!"

बाईंनी सवयीप्रमाणे किल्लीच्या आधी चोकची मूठ ओढली होती. त्या जुन्या गाडीत थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचे ते अशी मूठ हाताने ओढून. मुठीमागे एक धातूची दांडी, आणि दांडीपासून थेट इंजिनापर्यंत गेलेली एक तार. ओढताना दांडी गार लागली होती. पुष्कळ कण्हून गाडी चालू झाली, बाईंनी मूठ परत आत ढकलली, आणि त्यांची बोटे तेथेच थांबली. दांडी चांगली ऊन झाली होती.

गाडी झाडाच्या दाट सावलीत उभी होती. ऊन कोठून यावे? बाईंनी इंजिन बंद केले, दांडी निवू दिली आणि पुन्हा किल्ली फिरवली. वरून नणंदबाईंनी आनंदाने नवा टोमणा सुरू केला. दांडी पुन्हा तापली. कण्हणे असेल तेव्हा ताप, कण्हणे नसेल तेव्हा गारवा. असल्यावर असणे आणि नसल्यावर नसणे, या दोन पायांवर चालणारे जे ज्ञान, त्याला बाई आयुष्यभर नमस्कार करीत आल्या होत्या. आता ते त्यांच्या चिमटीत आले होते. ज्या तारेचे काम केवळ ओढले जाण्याचे, तिच्यातून काहीतरी वाहत होते. पाहुणा मागच्या खिडकीतून बाहेर पडू लागला, म्हणजे पुढच्या दाराला काहीतरी झालेले असते.

त्या घरी न जाता थेट डॉक्टरच्या दुकानी गेल्या.

"वीज बॅटरीतून सेल्फमध्ये जाते," त्या म्हणाल्या. "परत कशी येते?"

"परत?"

"का, तिथेच राहते ती? माहेरपणाला?"

डॉक्टर हसला. "नाही हो. सेल्फ इंजिनाला बसवलेला, इंजिनातून ती बॉडीत येते, आणि बॉडीतून बॅटरीत. अर्थ म्हणतात त्याला."

"काय म्हणतात?"

"अर्थ. इंजिनापासून बॉडीला एक जाड तार असते, अर्थाची तार. नीट अर्थ लागला नाही ना बाई, तर कितीही जोर लावा, काही चालत नाही."

हेच वाक्य, अक्षरशः हेच, बाईंनी किती वर्गांपुढे किती वेगळ्या तळमळीने उच्चारले होते. मोटारीच्या तेलाने माखलेल्या त्या दुकानात ते परत ऐकताना त्यांचे हात नकळत जुळले. पण डॉक्टरचा गैरसमज होऊ नये म्हणून त्यांनी ते लगेच सोडविले.

"हे पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही तर मला भलतंच काही म्हणालात."

"तुला नव्हतं म्हटलं."

"ते तुम्ही म्हणता. माझ्या बायकोनं दोन्ही बाजू ऐकल्यात कुठे?"

रविवारी सकाळी मुलाच्या ओळखीचा माणूस आला. काळा चष्मा, हातात किल्ल्यांचा झुबका, आणि उभ्या वस्तूचे मनातल्या मनात तुकडे करणारी नजर. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चाकाला लाथ मारली आणि मुलाकडे पाहून मान हलविली. मुलाने कागद खिशातून काढले.

"थांब," बाई म्हणाल्या. "अंत्यसंस्काराआधी नाडी बघायची पद्धत आहे. डॉक्टर, या."

डॉक्टर जंपर केबल घेऊन आला होता. एका गाडीची बॅटरी दुसरीला जोडायला वापरतात त्या जाड वायरींपैकी एक. तिचे एक टोक त्याने इंजिनाच्या उघड्या धातूला चिमटविले आणि दुसरे बॅटरीच्या परतीच्या टोकाला.

"उशीर गेला तर विकायची नाही, असं ठरलंय," बाईंनी मुलाला आठवण दिली आणि किल्ली फिरवली.

गाडी कण्हली नाही. किल्ली फिरली आणि इंजिन बोलू लागले. चरण विसरलेल्या अध्यापकाला अवघा श्लोक एकदम स्मरावा तसे. सुनेने टाळी वाजवली. मुलाच्या हातातले कागद तसेच राहिले.

"काढ ती केबल," बाई म्हणाल्या. केबल निघाली, गाडी पुन्हा जुन्या दुखण्याने कण्हली. "लाव." लावली, पहिल्या झटक्यात सुरू. "आता मुलाला कळेपर्यंत करत राहू, की पुरे?"

"कळलं," मुलगा म्हणाला.

डॉक्टर बॉनेटमध्ये वाकून अर्थाची तार शोधू लागला. ती सापडायला वेळ लागला नाही, कारण तिच्याभोवती सारे आरशासारखे लखलखत होते. काही महिन्यांपूर्वी मुलाने गाडीला बॉनेटच्या आतूनही नवा रंग देऊन घेतला होता, 'आईच्या वाढदिवसाची भेट' म्हणून. रंगाऱ्याने तारा सोडल्या, कानाकोपरा रंगविला, आणि अर्थाची तार त्या जाड, ओल्या रंगावरच पुन्हा कसून टाकली. रंग विजेला वाट देत नाही. अर्थ जागच्या जागी होता, मजबूत होता, दिसायला देखणा होता. फक्त कशालाही टेकलेला नव्हता.

"रंगावर बसवलाय, बाई," डॉक्टर म्हणाला.

"हल्ली सगळेच तिथे बसवतात," बाई म्हणाल्या.

डॉक्टरने बोल्ट काढला आणि काचपेपरने रंग घासू लागला. चकचकीत कपच्या उडाल्या, खालचा धातू उघडा पडला. मुलगा पुढे झाला. "अरे, जरा हळू! सगळी शोभा चालली!" ही भेट ज्यांना दिली होती त्यांच्यापेक्षा देणाऱ्याला तिची चिंता अधिक, हे सुनेने टिपले आणि बाईंनीही. बोल्ट उघड्या धातूवर बसला. केबल काढून बाजूला ठेवली. बाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी तत्काळ सुरू झाली.

काळ्या चष्म्याच्या माणसाने चष्मा काढला. "अहो साहेब, ही तर चालती गाडी आहे! भाग कशाला सुटे करायचे? अशीच विकतो मी. गिऱ्हाईक तयार आहे."

मुलाच्या मुद्रेवर पुन्हा रक्त आले. "बघ, आई! किती छान झालं. भंगारात जायची ती आता मानानं जाईल. सुरू होतेय तोवर विकलेली बरी."

बाईंनी इंजिन बंद केले. त्या बाहेर उतरल्या आणि अगदी हळू आवाजात, वर्गात शेवटच्या बाकावरच्याला उभे करताना बोलत त्या आवाजात, म्हणाल्या, "सुरू होत नव्हती तेव्हा काय करायचं होतं?"

"विकायची होती."

"आणि आता सुरू होते, तर?"

"तर... तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता तर—"

"म्हणजे सुरू नाही झाली तरी विकायची, झाली तरी विकायची. कारण असलं तरी तेच, नसलं तरी तेच. डॉक्टर, अशा हेतूला काय म्हणतात?"

डॉक्टरला जन्मात कोणी तोंडी परीक्षेला उभे केले नव्हते. तो छाती पुढे काढून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "व्यभिचारी!"

काळ्या चष्म्याचा माणूस दोन पावले मागे सरला आणि त्याने चोरून सुनेकडे पाहिले. सून शांतपणे म्हणाली, "मला संशय होताच."

"अगं, तो शास्त्रातला शब्द आहे!" मुलगा कळवळून म्हणाला.

"तुला ठाऊक आहे म्हणजे," बाई म्हणाल्या. "मग आता एकनिष्ठ हेतू सांग. त्या खोक्यात काय आहे?"

"ऑफिसचं—"

"चालायचं यंत्र आहे, आई," सून म्हणाली. "त्याच्यावर उभं राहून चालायचं. गॅरेज रिकामं झालं की इथे बसवायचं ठरलंय. मोजमाप रंग द्यायच्या आधीच घेतलं होतं."

"आणि तो रंग?"

उत्तर त्या परक्या माणसाने दिले, कारण या घरात काय लपवायचे असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. "तो मीच सुचवला होता हो, आजी. बॉनेट उघडलं की आत चकचकीत दिसलं पाहिजे, भाव येतो. पण नंतर ही कण्हायला लागली, म्हणून सुट्या भागांवर आलो."

तेव्हा कोठे अवघ्या प्रकरणाचा अर्थ लागला. विकायची म्हणून रंग दिला, रंग दिला म्हणून गाडी कण्हू लागली, आणि कण्हते म्हणून विकायची ठरली. निष्कर्ष आधीच घरात येऊन हातपाय धुऊन बसला होता, आणि त्याच्यासाठी मागाहून कारण हुडकण्यात येत होते. रोग्याला आधी विष द्यावे आणि मग त्याच्या प्रकृतीची काळजी वाहावी, यालाच सल्लागार लोक नियोजन म्हणत असावेत.

"डॉक्टरांनी सांगितलंय मला रोज चालायला," मुलगा पुटपुटला.

"मी नाही सांगितलं," डॉक्टर घाईने म्हणाला.

"जरूर चाल," बाई म्हणाल्या. "जागच्या जागी चालायचं, कुठेही पोचायचं नाही आणि घाम तेवढा गाळायचा. तुझ्या धंद्याला साजेसं यंत्र आहे. पण तुझी आत्या त्या यंत्राच्या वाटेवर राहत नाही. ती टेकडीवर राहते. जागा हवी होती तर जागा माग. माझ्या गाडीच्या आजारपणाची काळजी पुढे करू नकोस. हे खोकं तुझ्या निजायच्या खोलीत ने."

"आमच्या खोलीत मुळीच नाही," सून म्हणाली.

ते खोके कोठे गेले, याचा निर्णय पतिपत्नींवर सोपवून बाईंनी वर्तमानपत्र काखेत मारले. काळ्या चष्म्याच्या माणसाने जाताना गाडीकडे वळून पाहिले, आणि मुलाने कागद पुन्हा खिशात घातले. घडी नीट बसत नव्हती.

टेकडीवर नणंदबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. शेजारची खुर्ची मात्र भिंतीला लावून ठेवलेली होती. पावले ऐकताच त्यांनी चेहरा दुसरीकडे वळविला.

"निरोप घ्यायला आली असशील तर थोडक्यात आटप."

"निधनवार्ता वाचायला आलेय," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"कोण गेलं?"

"गाडीचा रंग गेला थोडा. बाकी सगळे आहेत."

मग बाईंनी सारी हकिगत सांगितली. नणंदबाईंनी ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली, आणि 'व्यभिचारी' या शब्दापाशी दोन्ही वेळा थांबवून डॉक्टरने तो नेमक्या किती मोठ्याने उच्चारला याची चौकशी केली. "निदान त्याचा उच्चार तुझ्यापेक्षा बरा असेल," एवढेच त्यांचे मत पडले. वर्तमानपत्र त्या दिवशी अर्धेच वाचून झाले.

निघताना बाई गाडीत बसल्या. वर खिडकीपाशी नणंदबाई आल्या, चौकटीवर हात टेकून त्यांनी घसा साफ केला. "आणि ऐक गं, त्या माझ्या भाच्याला म्हणावं—"

किल्ली फिरली, आणि इंजिन तत्क्षणी चालू झाले. पुढचे शब्द त्या आवाजात बुडाले. नणंदबाईंचे तोंड उघडेच राहिले. रोज त्या लांबलचक कण्हण्याच्या आडोशाने किती तरी बोलून घेता येत असे. आज गाडीने त्यांना एका वाक्याचाही अवधी दिला नव्हता. त्यांचा हात चौकटीवरून हळूहळू खाली आला.

बाईंनी वर पाहिले आणि किल्ली उलटी फिरवली. इंजिन थांबले. आता ते केव्हाही सुरू होणार होते.

"बोला, वन्सं. काय म्हणत होता?"

"लाज नाही तुझ्या गाडीला," नणंदबाई वरून कडाडल्या, आणि त्यांचा हात पुन्हा चौकटीवर आला. "रंगाबरोबर तीही खरवडून काढलीत वाटतं. मोठ्या माणसाचं बोलणं संपायच्या आत निघायचं असतं का? थांब तिथेच. माझं अजून सुरूही झालेलं नाही."

बाईंनी दार उघडे टाकले आणि आसनाला पाठ टेकून त्या ऐकत बसल्या.